निशाणी नांगर

दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या उठावाची ठिणगी १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात पडली. हे सुपे पुणे जिल्ह्यातलं, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं. पारनेरच्या सुप्याशी त्याची गल्लत होते. काही दिवसांतच लोण नगर जिल्ह्यात आलं आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांतली गावं उठली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसं पकडली गेली. सरकारने त्याला दंगा म्हटलं, आपणही तेच नाव चालवलं. पण जमाव पांगला की संपतो. गटाला मात्र आपलं कोण, कुणाचं काम काय, मोडता घातला तर शिक्षा काय, हे आधीपासून ठाऊक असतं. त्या कसोटीवर नगरच्या शिवारात उठला तो जमाव नव्हता, गाव होतं.

पुरावा त्यांच्या मागणीतच आहे. लोक सावकाराच्या दारात येत आणि कर्जाची खतं बाहेर काढायला सांगत. खतं हाती पडली की ती तिथेच जाळली जात आणि सहसा पुढे काही होत नसे. सावकार अडून बसला तरच घराला किंवा गंजीला आग लागे. माणसांवर हात फारसा पडला नाही. ते खत म्हणजे स्टँपाचा एक कागद. मजकूर सावकाराच्या बाजूने लिहिलेला आणि खाली, कुणब्याला अक्षर येत नाही म्हणून, नांगराची छोटी आकृती: निशाणी नांगर. ज्या अवजारावर त्याचं पोट, तेच त्याला बांधून घालणाऱ्या कागदावर काढलेलं.

याआधीच, १८७४च्या अखेरीस, पारनेरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात कर्डे गावाने आपल्या सावकाराला वाळीत टाकलं होतं. न्हावी हजामत करीना, पाणी भरायला कुणी येईना, गाव सोडून निघाला तर सामानाला गाडी मिळेना. यातलं काहीही नव्याने शोधलेलं नव्हतं. जातपंचायतीचं वाळीत टाकणं आणि बलुतेदारीची कामवाटणी, शतकानुशतकं आतल्या माणसाला धाकात ठेवणारी ही व्यवस्था, आता सावकारावर उलटवली गेली.

सावकार गावात जुनाच होता. पूर्वी त्याची वसुली पाटलाच्या आणि पंचांच्या भिडेवर चाले, त्यामुळे त्यालाही गावाला धरून राहावं लागे. रयतवारीने सारा एकेका खातेदारावर बसला, दिवाणी कोर्टांनी वसुलीचा हुकूमनामा बाहेरून आणून दिला, आणि सावकाराला गावाची गरज उरली नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५मध्ये संपताच कापसाचा भाव कोसळला, त्यापाठोपाठ फेरआकारणीने सारा वाढवला. कर्ज तुंबलं तेव्हा कुणब्यापुढे तोंडओळखीचा माणूस उभा नव्हता, कागद होता. म्हणून आगीत गेला तो कागदच.

यावर कुणी म्हणेल की गावाची ही एकी भाबडेपणाने रंगवलेली आहे. आक्षेपात तथ्य आहे. हल्ले जवळजवळ सगळे मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले; तोच धंदा करणारे ब्राह्मण सावकार बहुतेक वाचले, आणि दंग्यांनंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही हे नोंदवलं. शिवाय ज्या न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला त्याचं बलुतं कुणब्याच्या खळ्यावरून यायचं; त्याची संमती मोकळी होती असं म्हणवत नाही. पण यामुळे माझं म्हणणं ढासळत नाही, उलट बळकट होतं. आपला-परका ही रेघ आणि खालच्यावरचा दाब ही गावाच्या घडणीचीच अंगं होती. ज्या बळावर गाव सावकारापुढे उभं राहिलं, त्याच बळावर ते महारवाड्याला वेशीबाहेर ठेवत होतं. अन्यायाविरुद्ध उठलेल्यांकडे दुसरं साधन नव्हतं, हे दुःख मोठं आहे.

आयोगाच्या अहवालानंतर १८७९मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. खताच्या मागे जाऊन मूळ देणंघेणं तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. आणि कुणब्याने नांगराची निशाणी करायची ती यापुढे सावकाराच्या ओसरीवर नव्हे, गावासाठी नेमलेल्या निबंधकासमोर, असं ठरलं.