संग्रहालयाची फरशी व पाटीच्या दगडाची परीक्षा

एका जुन्या संग्रहालयाच्या जीर्णोद्धाराचें टिपण नुकतेंच आमच्याकडे अवलोकनार्थ आलें. दालनांतील झिजलेली शहाबादी फरशी उखडून तेथें ‘काळी नैसर्गिक स्लेट’ बसवावी, असें त्यांत लिहिलें होतें. सोबतचा नमुना मात्र परीक्षेअंतीं कडाप्पा निघाला. नांव एक व वस्तु दुसरी! पोथीच्या पुष्पिकेंत असा घोटाळा आढळता, तर आमच्या वाचकांनीं तो क्षणभरहि खपवून घेतला नसता. मग पायांखालच्या दगडास निराळा न्याय कां?

उद्देश, लक्षण व परीक्षा अशी शास्त्राची त्रिविध प्रवृत्ति वात्स्यायनानें न्यायभाष्यांत सांगितली आहे. त्याच क्रमानें पाहूं. स्लेट म्हणजे आपला पाटीचा दगड. चिखलाचे थर भूगर्भांत दडपून व तापून तो बनतो. दाबामुळें त्यांतील अभ्रकाचे सूक्ष्म कण एका दिशेस वळतात, म्हणून तो पातळ पापुद्र्यांनीं चिरतां येतो. दख्खनच्या काळ्या कातळांत तो सांपडत नाहीं. कांगडा, हरियाणांतील कुंड, आंध्रांतील मार्कापूर हीं त्याचीं स्थानें. शहाबादी व कडाप्पा हे मात्र चुनखडीचे प्रकार होत. मुंबई-रायचूर लोहमार्ग 1871 सालीं पुरा झाला. त्याच मार्गावरील शहाबादचा दगड पुढें आमच्याकडील वाड्यांत, शाळांत व कचेऱ्यांत पसरला.

परीक्षा सोपी आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडतांच चुनखडी फसफसते. चांगली स्लेट सहसा निश्चल राहते. हा भेद केवळ पंडिती नव्हे. सिमेंटाचे डाग काढण्यासाठीं कामगार फरशी आम्लानें धुतात. स्लेट समजून कडाप्पा धुतला, तर त्याची झिलई जाते. शिवाय आम्लाच्या वाफा कपाटांतील ताम्रपटांस व नाण्यांस बाधतात. म्हणून दगड कोणताहि असो, दालनांत आम्ल नेऊंच नये. नमुना बाहेर तपासावा.

दुसरी गोष्ट ओलीची. चुना-सिमेंटाच्या थरावर बसविलेल्या फरशीखालची ओल बरेच दिवस हवेंत उतरत राहते. हवेचा दमटपणा शेंकडा 65 वर टिकला, तर पोथ्यांस बुरशी धरण्याचा संभव असतो. तेव्हां फरशी पुरी वाळेपर्यंत पोथ्या परत आणूं नयेत.

वेल्समधील लानबेरिस येथें तर संग्रहालयाचा विषयच स्लेट आहे. डिनॉर्विकची खाण 1969 सालीं बंद पडली. तिच्या 1870 च्या कार्यशाळांत 1972 सालीं संग्रहालय उघडलें, व 2024 सालीं तें नूतनीकरणासाठीं बंद करण्यांत आलें. त्या देशांत दगड खाणीच्या नांवानें ओळखतात. पेन्रिनचा जांभळा निराळा, फेस्टिनिऑगचा निळसर करडा निराळा. आपल्याकडे ‘काळी’ एवढ्यावरच भागतें!

जुनी फरशी उखडण्यापूर्वीं दालनाचा नकाशा काढावा, प्रत्येक फरशीस क्रमांक द्यावा व तिची पालथी बाजू पाहावी. शिलालेखाचा दगड पायरीस वा भिंतीस लागल्याचीं उदाहरणें आमच्या वाचकांस नवीं नाहींत. नव्या फरशीचा खडक, खाण व बसविल्याचें साल दप्तरांत नोंदवावें. फरशी हाहि एक दस्तऐवजच आहे.

टिपणांतील ‘स्लेट’ हा शब्द खोडून आम्हीं तेथें ‘कडाप्पा’ असें लिहून पाठविलें आहे. दगड कोणता बसवावा, हें चालकांनीं ठरवावें. त्याचें नांव मात्र खरें लिहावें.