गंजावरच्या काळ्या लेपाची कुळकथा

थंड देशांत घरे उबदार ठेवणारे रेडिएटर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे. सेंट पीटर्सबर्गच्या फ्रांझ सान-गाली यांना त्यांच्या जनकत्वाचा मान देतात. रंगाचा पोपडा निघाला की न्हाणीघरातल्या दमट हवेत त्यांवर नारिंगी डाग उमटतात. त्यावर उपाय म्हणून एक दुधाळ द्रावण मिळते. सुटा गंज घासून ते ब्रशने लावले की थोड्या वेळात डाग काळा पडतो आणि त्यावर रंग देता येतो. हे द्रावण आधुनिक कारखान्याचे अपत्य मानले जाते. माझे म्हणणे असे, की त्याचे कूळ दौतीत सापडते.

युरोपने शतकानुशतके ज्या शाईने लिहिले, ती ओकवरची मायफळे आणि हिराकस यांची. मायफळातले टॅनिन लोहाशी जुळते आणि हवा लागताच त्याचे निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग बनते. या गुणाची ओळख फार जुनी. जंगालात, म्हणजे तांब्याच्या हिरव्या रंगद्रव्यात, हिराकसाची भेसळ आहे का, हे मायफळाच्या रसात भिजवलेल्या पपायरसने ओळखण्याची युक्ती रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच नोंदवली आहे. भेसळ असली की पपायरस काळा पडे. रेडिएटरवर काळा पडणारा डाग म्हणजे हीच क्रिया, कारण त्या दुधाळ द्रावणातही टॅनिन असते. शाईला लोह हिराकस पुरवते, इथे ते गंज स्वतःच पुरवतो. भारतातल्या पोथ्यांची शाई मुख्यतः काजळाची, म्हणून आपल्याकडचा धागा दौतीऐवजी दातवणात शोधावा लागतो: हिरड्यातले टॅनिन आणि हिराकस मिळून दात काळे करत. जपानी स्त्रियांचे ओहागुरो हे दात काळे करणारे द्रावण याच जातीचे, आणि तिथल्या नांबू प्रांतातल्या लोखंडी किटल्या रंगवायलाही तेच ओहागुरो वापरतात. किटली आतून गंजली तर तिच्यात चहाची पाने उकळतात, पाणी काळवंडते आणि गंज आटोक्यात येतो. दौत, दात आणि किटली यांना जोडणारा हा दुवा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

प्रतिपक्ष फॉस्फरिक आम्लाचा आहे. 1869 साली रॉस यांनी आणि 1906 साली बर्मिंगहॅमच्या टॉमस कॉस्लेट यांनी लोखंडाला फॉस्फेटचा लेप देण्याची पेटंटे घेतली. आजच्या द्रावणांतही हे आम्ल असते, मग खरा पूर्वज तेच, असा युक्तिवाद होतो. पण कॉस्लेट यांची प्रक्रिया गंज चढू नये म्हणून होती. वस्तू तापत्या द्रावणात बुडवावी लागे. भिंतीला जखडलेल्या, आधीच गंजलेल्या वस्तूवर ब्रश फिरवणे हे निराळे काम. 1960च्या दशकात चेक संवर्धक पेलिकान यांनी पुरातन लोखंडासाठी टॅनिनच पुढे आणले. संग्रहालयांत त्यात फॉस्फरिक आम्ल मिसळतात ते द्रावण पुरेसे आम्लधर्मी व्हावे म्हणून. ते या घरात आलेले सोयरे आहे, मूळपुरुष नव्हे. दौतीतून रेडिएटरपर्यंत टॅनिन कोणत्या वाटेने आले, याचेही उत्तर देता येते: बॉयलरमधून. 1940च्या दशकात फ्रेंच रेल्वेत लुई आर्मां यांनी बॉयलरच्या पाण्यासाठी जी प्रक्रिया बसवली, तिच्यात टॅनिन होते. गरम पाण्याच्या लोखंडाशी त्याचा परिचय असा आगगाडीने घडवला, हा माझा ठाम तर्क.

सर्वांत जड आक्षेप असा, की ही शाई कागद जाळते आणि पोलादी टाक खाते. ती लोखंडाची रक्षक कशी? दोष टॅनिनचा नाही. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट, आणि शाई बनताना त्यातून गंधकाम्ल मोकळे होते. कागद व टाक यांना तेच खाते. गंजात सल्फेट नसले तर हे आम्ल निपजतच नाही, संयुग तेवढे उरते.

या कुळाचा व्यावहारिक अर्थही आहे. शाईला जसे लोह हवे, तसा या द्रावणाला गंज हवा. म्हणून रेडिएटर चकचकीत होईपर्यंत घासला तर त्याला धरायला काही उरत नाही, आणि जाड खपल्या तशाच ठेवल्या तर ते खालच्या धातूपर्यंत पोचत नाही. सुटे ते काढावे, घट्ट ते ठेवावे, आणि काळ्या थरावर रंग द्यायला विसरू नये. पाण्याला अडवण्याचे काम शेवटी रंगाचे आहे.