चाळणीबाहेर राहिलेले

फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणारा, निदान व उपचार करणारा प्रशिक्षित सहायक. अमेरिकेतील या शिक्षणावरचे संशोधन वाचताना एक प्रश्न मला वारंवार भेटला: कोणता विद्यार्थी यशस्वी होईल, हे प्रवेशाच्या वेळीच सांगता येईल का? पदवीचे व प्रवेशपरीक्षेचे गुण घ्यायचे आणि परवान्यासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेतील गुणांशी त्यांचा मेळ बसतो का ते पाहायचे, ही त्याची रूढ रीत. मला मात्र या व्यवसायाचा आरंभ तपासावासा वाटला.

नॉर्थ कॅरोलायनातील गारलंड या लहान गावी डॉ. अमोस जॉन्सन यांच्या दवाखान्यात हेन्री ली ‘बडी’ ट्रेडवेल हे कृष्णवर्णीय सहायक होते. त्यांचे औपचारिक वैद्यकीय शिक्षण झालेले नव्हते. जॉन्सन यांच्या हाताखालीच ते शिकले. ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांच्यापुढे जी उदाहरणे होती, त्यांत हे एक. स्टेड यांनी १९६५ मध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तो नौदलात रुग्णसेवा केलेल्या चौघांना घेऊन. अनुभव हीच त्यांची मोठी पुंजी होती. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांतले तिघे उत्तीर्ण झाले.

१९७३ मध्ये राष्ट्रीय परीक्षा आली. पुढे हे शिक्षण पदव्युत्तर झाले आणि पदवी ही प्रवेशाची पहिली अट बनली. आज पहिल्याच प्रयत्नात शंभरातले नव्वदांहून अधिक जण ती परीक्षा उत्तीर्ण होतात. मग भाकीत उरते ते निवडलेल्यांमधल्या थोड्याशा फरकाचे. नाकारलेल्यांचे काय झाले असते, हे आकडे सांगूच शकत नाहीत.

तशी संधी एकदा मिळाली, ती डॉक्टरांच्या शिक्षणात. १९७९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात ऐनवेळी ५० जागा वाढवल्या. आधी नाकारलेल्यांना प्रवेश द्यावा लागला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या आणि इतरांच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही.

गुण निरर्थक आहेत, असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या उदाहरणावरून हा व्यवसाय घडला, ते ट्रेडवेल आज अर्ज करते, तर पहिल्याच अटीशी थांबले असते. यशाचे भाकीत करणाऱ्या कोणत्याही तक्त्यात मग त्यांचे नाव आले नसते.