समुद्रावरचें अंथरूण

समुद्रपर्यटनाचे इतिहास वाचतांना वाऱ्यांचीं, ताऱ्यांचीं, तोफांचीं आणि मालाचीं वर्णनें पानोपानीं आढळतात. परंतु एवढा मोठा प्रवास करणारीं माणसें रात्रीं निजत कोठें होतीं, हें मात्र शोधून काढावें लागतें. आम्ही राहतों तें निघोजें गांव समुद्रापासून दूर, देहू आणि आळंदी यांच्यामधल्या इंद्रायणीच्या काठावर, चाकणजवळ वसलेलें आहे. आमच्या नदीचें पाणी तुळापुरास भीमेला मिळतें आणि पुढें कृष्णेबरोबर पूर्वसमुद्रास जातें, एवढाच काय तो आमचा समुद्राशीं संबंध. तेव्हां असल्या विषयावर आम्हीं लेखणी कां उचलावी, अशी शंका सुज्ञ वाचकांस येणें साहजिक आहे.

त्याचें कारण आमच्याच घराच्या माडीवर आहे. चाकणच्या परिसरांत मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिल्यापासून गांवांतील घरोघरच्या खोल्या बाहेरगांवच्या कामगारांस भाड्यानें दिल्या जातात. आमच्याहि माडीवरच्या खोलींत चार तरुण राहत असत, आणि खाटा होत्या तीन. पहिल्या पाळीचा उठून कामावर गेला कीं तिसऱ्या पाळीहून परतलेला त्याच खाटेवर आडवा होई. अंथरुणाची ऊब जाण्यापूर्वींच त्याचा धनी बदलत असे. एके दिवशीं त्यांपैकीं एकजण जिन्यांत सहज म्हणाला, "काका, झोप होते, पण विसावा मिळत नाहीं." आम्ही हसलों आणि तें बोलणें तेथेंच सोडून दिलें. पुढें शिडाच्या लहान नौकांविषयीं कांहीं वाचन घडलें, तेव्हां त्या तरुणाच्या वाक्याचा अर्थ आम्हांस उमगला. त्या वाचनाचें सार येथें देत आहों.

नौकेंत खोली कोठें असावी हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथांत नौकांचे प्रकार त्यांवरील खोलीच्या जागेवरून केलेले आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खोल्या असलेली ती सर्वमंदिरा. हिच्यांतून राजाचा खजिना, घोडे व स्त्रिया नेल्या जात. जिची खोली मध्यभागीं ती मध्यमंदिरा. ती राजाच्या विहारास व पावसाळ्यास योग्य मानिली आहे. जिची खोली पुढच्या टोंकास ती अग्रमंदिरा. ती पाऊस सरल्यावर, लांबच्या प्रवासास व युद्धास उपयोगी. राधाकुमुद मुकर्जी यांनीं 1912 सालीं प्रसिद्ध केलेल्या हिंदी नौकानयनाच्या इतिहासांत या वर्गीकरणाकडे अभ्यासकांचें लक्ष वेधिलें. ऋतूप्रमाणें खोलीची जागा बदलावी, हें तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें. मात्र या खोल्या राजा, त्याचा परिवार आणि त्याचा खजिना यांच्यासाठीं होत्या. वल्हें मारणारा कोठें निजे, याचा उल्लेख या वर्गीकरणांत नाहीं.

कोंकणच्या किनाऱ्यावर मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या यांवर राबणाऱ्या खलाशांचा अनुभव याहून निराळा नव्हता. पिछाडीचा आडोसा नाखव्याचा किंवा मालाचा. खलाशानें उघड्यावर, दोरांच्या वेटोळ्याशेजारीं घोंगडी अंथरावी. नारळी पौर्णिमेपासून पुढल्या वैशाखापर्यंत आभाळ बहुधा कोरडें असे आणि पावसाळ्यांत गलबतें किनाऱ्यावर ओढून ठेवीत, म्हणून हें निभावून गेलें. युरोपीय दर्यावर्दीहि पुष्कळ काळ असेच फळ्यांवर निजत. 1492 सालीं कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हां तेथील लोक दोन खांबांमध्यें टांगलेल्या जाळीच्या झोळींत निजतात असें त्यास आढळलें. ही युक्ति पुढें युरोपांतील आरमारांनीं उचलली. जहाज कितीहि कललें तरी टांगलेली झोळी सरळ लोंबत राहते, ओल्या फळीपासून अंग दूर राहतें, आणि सकाळीं गुंडाळून ठेविली कीं जागा मोकळी होते, असे तिचे तीन गुण. परंतु इंग्रजी आरमारांत एका माणसास मिळणारी रुंदी अवघी 14 इंच होती! अर्धे लोक पहाऱ्यावर असत म्हणून प्रत्यक्षांत ती दुप्पट होई, एवढेंच समाधान. कोणास खोली, कोणास झोळी आणि कोणास उघडी फळी, हें पाहिलें कीं जहाजावरची सारी उतरंड एका दृष्टिक्षेपांत कळते.

लहान नौकेंत ही उतरंड टिकत नाहीं, कारण तेथें नाखवा आणि खलाशी बहुधा एकच असतो. जोशुआ स्लोकम या दर्यावर्द्यानें 1895 ते 1898 या काळांत ‘स्प्रे’ नांवाच्या सुमारें 37 फूट लांबीच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारा तो पहिलाच मनुष्य. नौका त्यानें स्वहस्तें नव्यानें बांधून काढिली होती. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीच्या कडेला, बाजूच्या फळ्यांखालीं जो अरुंद कोनाडा उरला, त्यांत त्यानें आपलें अंथरूण घातलें. मोकळी जागा सोडून हा गृहस्थ कोनाड्यांत कां शिरला, असें जमिनीवर राहणाऱ्यास वाटेल. त्याचें उत्तर नौकेच्या हालचालींत आहे.

नौका लाटेवर चढते-उतरते तेव्हां तिचीं दोन टोंकें सर्वांत अधिक वरखालीं होतात आणि मध्यभाग सर्वांत कमी; आडव्या फळीवर डोलणाऱ्या मुलांच्या खेळांत मध्यें बसलेलें मूल जसें जवळजवळ जागच्या जागीं राहतें, तसेंच हें. बंदरांत नौका पाहावयास गेलेल्या मनुष्यास पुढच्या टोंकाचा रुंद त्रिकोणी पलंग हमखास आवडतो. भर समुद्रांत त्याच पलंगावरचा मनुष्य उडून आदळूं लागतो. म्हणून प्रवासांत निजावयाचें तें मध्यभागीं, कण्याच्या जितकें जवळ व जितकें खालीं होईल तितकें. नाहींतर मागल्या बाजूस, सुकाणूवाल्याच्या बैठकीखालच्या बोगद्यासारख्या जागेंत. रुंदीचाहि न्याय उलटा आहे. घरीं पलंग रुंद तितका बरा. नौकेंत खांद्यापाशीं पावणेदोन ते दोन फूट पुरे. त्याहून रुंद जागेंत निजणाऱ्याचें शरीर लोळूं लागतें आणि तें सांवरण्यासाठीं स्नायू रात्रभर जागे राहतात. डोळे मिटलेले, पण अंग पहाऱ्यावर! यासाठीं जाड किंतानाची एक कड गादीखालीं पक्की करून दुसरी कड वर छताच्या कड्यांस बांधतात, म्हणजे निजणारा पाळण्यांतल्या मुलासारखा धरून ठेविला जातो. पाय नौकेच्या पुढच्या टोंकाकडे करून निजावें, असाहि नियम आहे. नौका एकाएकीं आदळलीच तर धक्का पायांस बसतो, डोक्यास बसत नाहीं.

दुसरा शत्रु ओल. खाऱ्या पाण्यानें भिजलेली गादी उन्हांत वाळली तरी तिच्यांतलें मीठ हवेंतला दमटपणा पुनः ओढून घेतें, आणि गोड्या पाण्यानें धुतल्याखेरीज ती कधींच पुरती कोरडी होत नाहीं. म्हणून गादीखालीं अखंड फळी न घालतां पट्ट्या ठोकाव्या आणि वारा खेळता ठेवावा. 1930 सालच्या ‘डोरेड’ या अमेरिकन नौकेच्या नांवानें ओळखली जाणारी एक साधी पेटी आजहि छतावर बसवितात. तींतून वारा आंत येतो आणि लाटेचें पाणी बाहेरच्या बाहेर वाहून जातें.

या विषयाचा एक धागा आपल्या मुंबईशीं जुळलेला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही 32 फुटी नौका मुंबईंत, आपल्याच सुतारांनीं सागवानाची घडविली, आणि 1964 सालीं ती पाण्यांत उतरली. 14 जून 1968 रोजीं ती इंग्लंडहून निघाली आणि कोठेंहि न थांबतां 22 एप्रिल 1969 रोजीं परतली. त्या शर्यतींत नऊजण उतरले होते. पुरी केली ती एकट्या ‘सुहेली’नें. दक्षिण महासागरांत एका लाटेनें तिला आडवें पाडलें, तेव्हां नॉक्स-जॉन्स्टन निजलेले होते. खोलीचे सांधे हलले, तरी मुंबईचें सागवान टिकलें.

याच ‘सुहेली’ची प्रतिकृति पुढें गोव्यांत बांधिली गेली. तत्पूर्वीं तेथील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनीं 2009-10 मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, असें करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनीं 2012-13 मध्यें तीच प्रदक्षिणा कोठेंहि न थांबतां केली. 2018 च्या शर्यतीसाठीं टॉमी यांच्याकरितां सिद्ध झालेल्या नव्या नौकेचें नांव होतें ‘तुरीया’. जागृति, स्वप्न आणि सुषुप्ति यांच्या पलीकडची जी चौथी अवस्था, तिचें हें नांव ज्ञानदेवांच्या आळंदीशेजारीं राहणाऱ्या आम्हांस नवें नाहीं. 21 सप्टेंबर 2018 रोजीं दक्षिण हिंदी महासागरांतील वादळानें ‘तुरीया’ला उलटें केलें, तिच्या डोलकाठ्या मोडल्या, आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. त्यांस चालतां येईना. नौकेंतल्या अरुंद शय्येवर ते पडून राहिले, आणि तेथूनच आपली अवस्था त्यांनीं बाहेर कळविली. 24 सप्टेंबरला फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’वरील लोकांनीं त्यांस त्या शय्येवरून उचलून नेलें. पुढें 2023 सालीं त्यांनीं तीच शर्यत पुरी करून दुसरा क्रमांक मिळविला.

अनेकजण एकत्र जातात तेव्हां प्रश्न पाळ्यांचा होतो. आमच्यापासून फार दूर नसलेल्या दापोडीस ज्या दलाचें महाविद्यालय आहे, त्या लष्कराच्या अभियंता-दलाच्या तुकडीनें 1985 ते 1987 या काळांत ‘तृष्णा’ या 37 फुटी नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आणि 2017-18 मध्यें आरमारांतील सहा स्त्रियांनीं ‘तारिणी’वरून ती केली. अशा नौकांवर कोणीतरी सदैव जागें असावें लागतें, आणि जो जागणार त्याला निजूं देणें हें इतरांचें कर्तव्य ठरतें. निजलेल्याच्या अंगावर दिवा धरावयाचा नाहीं, त्याच्या उशाशीं ओले कपडे टाकावयाचे नाहींत, पाळी बदलण्यास एक क्षणहि उशीर करावयाचा नाहीं. कारण अपुऱ्या झोपेच्या हातांत सुकाणू गेलें तर सारेच बुडावयाचे. चांगलें शीड, चांगला दोर, तशीच चांगली झोप. नौकेवर तिची गणना कामाच्या साधनांत होते, चैनींत होत नाहीं.

हें वाचून झाल्यावर आम्ही माडीवर गेलों आणि ती खोली नव्यानें पाहिली. पूर्वेकडची खिडकी उघडी, सकाळचें ऊन नेमकें मधल्या खाटेवर. दार जिन्यांत, घरांतलीं सारीं वर्दळ तेथूनच. यंत्रापुढें आठ तास उभा राहिलेला मनुष्य तेथें निजत होता, आणि त्याच्या झोपेचें भाडें आम्ही महिन्याच्या महिन्यास घेत होतों. समुद्रावरच्या झोळीची 14 इंच रुंदी वाचून हळहळलेल्या आम्हांला आपल्याच छपराखालची चौथी खाट दिसली नव्हती, हें कबूल केलें पाहिजे.

खोली वाढविणें शक्य नव्हतें. पण अरुंद जागेचा उपयोग कसा करावा तें नौकांनीं शिकविलें होतें. गांवच्या सुताराकडून दोन भिंतींस लागून वरखालीं अशीं चार अंथरुणें बसवून घेतलीं. सव्वादोन फूट रुंदीचीं, खालीं पट्ट्या, वरच्यांस कठडा, आणि प्रत्येकास जाड पडदा. दारावर जाळी बसविली, खिडकीस काळें कापड लाविलें. सुतार म्हणाला, "हें आगगाडीसारखें झालें." आम्हीं त्यास दुरुस्त केलें नाहीं.

परवां सकाळीं अकराच्या सुमारास कांहीं कामासाठीं वर जावें लागलें. तो जिन्यांतला तरुण रात्रपाळी करून आपल्या पडद्याआड निजला होता. आम्ही वहाणा हातांत घेतल्या आणि आल्या पावलीं खालीं उतरलों.