रेणू-मुद्रांकित बहुवारिके
रेणू-मुद्रांकित बहुवारिके ही विशिष्ट रेणूच्या आकाराच्या व रासायनिक गुणधर्मांच्या पोकळ्या असलेली कृत्रिम बहुवारिके होत. परस्परांशी अतिशय साम्य असलेल्या संयुगांच्या मिश्रणातून हवे ते संयुग निवडून वेगळे काढण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

निर्मिती
जो रेणू पुढे ओळखावयाचा, तो साचा म्हणून घेतात. मेथाक्रिलिक आम्लासारखी एकवारिके विद्रावकात त्याच्याभोवती हायड्रोजन बंधांनी किंवा सहसंयुजी बंधांनी जुळतात. नंतर साखळ्यांना आडव्या बंधांनी जोडणारे एकवारिक मोठ्या प्रमाणात वापरून बहुवारिकीकरण केले जाते. साचा धुऊन काढल्यावर कठीण जाळ्यात त्याचा ठसा उरतो. मूर्ती काढून घेतल्यावर साच्यात तिचा आकार राहावा, तसाच हा प्रकार. मात्र येथे आकाराबरोबरच बंध जुळविणाऱ्या गटांच्या जागाही निश्चित होतात.

इतिहास
१९३१ मध्ये पोल्याकोव्ह यांनी सिलिका जेलमध्ये असा परिणाम नोंदविला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांचे विद्यार्थी फ्रँक डिकी यांनी मिथिल ऑरेंज व तत्सम रंगद्रव्ये साचे म्हणून वापरली. सेंद्रिय बहुवारिकांत ही पद्धत जर्मनीतील गुंटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये आणली. पुढे स्वीडनमधील क्लाउस मोसबाख यांनी सहसंयुजी बंधांवाचूनची सोपी पद्धत रूढ केली.

महाराष्ट्रातील संशोधन
पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील आर. एन. करमळकर, एम. जी. कुलकर्णी व रघुनाथ माशेलकर यांनी कायमोट्रिप्सिन या पाचक एंझाइमासारखी उत्प्रेरणक्षमता असलेली मुद्रांकित हायड्रोजेले तयार केली. हे संशोधन १९९६ मध्ये 'मॅक्रोमोलेक्यूल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

उपयोग
थिओफिलीन हे दम्यावरील औषध आणि चहा-कॉफीतील कॅफीन यांच्या रेणूंत केवळ एका मिथिल गटाचा फरक आहे. थिओफिलीनची उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर कमी असल्याने रक्तातील त्याचे प्रमाण अचूक मोजणे रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. मोसबाख यांच्या गटाने १९९३ मध्ये मुद्रांकित बहुवारिकाने हे मापन प्रतिपिंडांशिवाय करून दाखविले. आरशातील प्रतिबिंबांप्रमाणे असणारे समघटक वेगळे करणे, तसेच पाणी व अन्न यांतील कीटकनाशकांचे अंश तपासणीपूर्वी वेगळे काढणे, यांसाठीही ही बहुवारिके वापरतात.

मर्यादा
सर्व पोकळ्या सारख्याच अचूक नसतात. पाण्यात हायड्रोजन बंध दुर्बळ होतात. जाळ्यात अडकून राहिलेला साचा पुढे हळूहळू पाझरल्यास सूक्ष्म मापनात चूक होते. म्हणून काही वेळा मूळ रेणूऐवजी त्याच्याशी साम्य असलेला दुसरा रेणू साचा म्हणून घेतात. प्रतिपिंडांच्या तुलनेत ही बहुवारिके उष्णता, आम्ले व सेंद्रिय विद्रावके यांत अधिक टिकतात आणि पुनःपुन्हा वापरता येतात.