तळटीप : प्रवाह, बफर आणि फाइल

१२. येथील उदाहरण सी++ भाषेतील ‘ऑफस्ट्रीम’चे आहे. या प्रवाहाकडे << चिन्हाने सोपवलेला मजकूर सहसा थेट फाइलमध्ये जात नाही. आधी तो मेमरीतल्या बफरमध्ये साठतो. बफर भरला, फ्लश केला किंवा फाइल बंद केली, की तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली होतो. प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर शेवटच्या ओळी गहाळ होतात, त्या यामुळेच. ‘एंडल’ ओळ संपवतो आणि बफर फ्लशही करतो. नव्या ओळीचे नुसते चिन्ह फ्लश करत नाही. हजारो ओळी लिहिताना दरवेळी एंडल वापरला, तर वेग विनाकारण मंदावतो.

उदाहरणात फाइल बंद करण्याची ओळ नाही, ही मुद्रणदोषाची बाब नव्हे. फंक्शन संपताच प्रवाह नष्ट होतो आणि फाइल आपोआप बंद होते. फाइलच्या नावापुढचे ‘सी_एसटीआर’ मात्र आता अनावश्यक आहे. २०११च्या प्रमाणकापासून स्ट्रिंग थेट देता येते.

दोन गोष्टी मूळ मजकुरात सुटल्या आहेत. आधीपासून असलेली फाइल अशी उघडली की तिच्यातला जुना मजकूर पुसला जातो; तो राखून पुढे भर घालायची तर ‘ॲप’ मोड द्यावा. फाइल उघडली नाही तरी प्रोग्रॅम एरवी तक्रार न करता पुढे जातो, म्हणून लिहिण्याआधी ‘इफ’ लावून प्रवाह तपासावा.

पुढील पानावरचा आकडाही बरोबर आहे: यूटीएफ-८मध्ये ‘मराठी’ हा शब्द १५ बाइट घेतो. काना आणि वेलांटी धरून त्यात ५ संकेत आहेत, प्रत्येकी ३ बाइटांचे.
— संपादक