नित्याचे भिंग : रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या इतिहासातील एका निवडीचा विचार

१

छायाचित्रणाच्या इतिहासात कॅमेऱ्यांचा व भिंगांचा वृत्तांत विपुल आहे. परंतु कॅमेऱ्याला अनेक भिंगे जोडता येत असताना छायाचित्रकार त्यांपैकी एकच भिंग रोजच्या वापरासाठी का राखून ठेवतो, हा प्रश्न बहुधा वैयक्तिक आवडीचा म्हणून सोडून दिला जातो. रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक बसविलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ आवडीचा नाही. या कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही. तो शेजारच्या स्वतंत्र दृश्यदर्शकातून पाहतो, आणि भिंग जे टिपणार आहे त्याची मर्यादा त्या दृश्यात उमटणाऱ्या चौकटरेषांवरून ओळखतो. म्हणजेच भिंगाची दृष्टी त्याला अनुमानाने आत्मसात करावी लागते. हे अनुमान वर्षानुवर्षांच्या सवयीने पक्के होते. म्हणून येथे नित्याचे भिंग निवडणे म्हणजे एक सवय निवडणे होय.

ही सवय कशी घडली, अंकीय कॅमेऱ्याच्या आगमनाने ती कशी विस्कटली आणि पुन्हा कशी सावरली, याचा विचार केल्यास असे दिसते की, ज्याला ‘डोळ्याला स्वाभाविक’ असे भिंग म्हटले जाते त्याच्या मुळाशी डोळ्यापेक्षा यंत्राचा वाटा मोठा आहे.

२

या इतिहासाचा आरंभ जर्मनीतील वेट्झलार या गावी होतो. तेथील अर्न्स्ट लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारखान्यात १९११ साली ऑस्कर बार्नाक (१८७९–१९३६) हा यंत्रज्ञ दाखल झाला. १९१३–१४ च्या सुमारास त्याने चित्रपटाची ३५ मि.मी. रुंदीची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला. चित्रपटाची चौकट १८ × २४ मि.मी. होती, बार्नाकने ती दुप्पट करून २४ × ३६ मि.मी. केली. पुढील सर्व चर्चेचे मूळ या दोन आकड्यांत आहे.

भिंगाचे नाभीय अंतर चित्राच्या कर्णाइतके असावे, असा एक जुना संकेत आहे. २४ × ३६ च्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. येतो. या संकेताप्रमाणे नव्या कॅमेऱ्याचे सामान्य भिंग ४३ मि.मी.चे व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात १९२५ साली लाइपझिगच्या वसंतमेळ्यात ‘लायका’ या नावाने तो लोकांपुढे आला, तेव्हा त्यावर माक्स बेरेक (१८८६–१९४९) या शास्त्रज्ञाने आखलेले ५० मि.मी. नाभीय अंतराचे, एफ/३.५ छिद्राचे भिंग होते. तेच पुढे थोड्या फेरफाराने ‘एल्मार’ या नावाने प्रसिद्ध झाले.

या वाढीव ७ मि.मी.चे प्रकाशशास्त्रीय समर्थन सोपे आहे. एवढ्याशा ऋणचित्रावरून मोठे चित्र काढावयाचे तर ते कडेपर्यंत रेखीव असणे अगत्याचे असते. नाभीय अंतर वाढविले की भिंगाला व्यापावा लागणारा कोन लहान होतो, आणि मोजक्या काचांच्या भिंगाकडून कडांचे काम अधिक चांगले होते. मानवी डोळ्याचा दृष्टिकोन ४७ अंशांचा आहे म्हणून ५० मि.मी.चे भिंग निवडले गेले, असे मानण्याचे कारण नाही. त्या काळच्या काचेला जे साधत होते ते प्रथम निवडले गेले आणि डोळ्याचे कारण मागाहून जोडले गेले, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

एकदा रूढ झालेले माप किती चिवट असते याचे उत्तम उदाहरण जपानमध्ये सापडते. १९४८ साली निघालेल्या पहिल्या निकॉन कॅमेऱ्याची चौकट २४ × ३२ मि.मी., म्हणजे अवघ्या ४० मि.मी. कर्णाची होती, तरीही त्याचे सामान्य भिंग ५० मि.मी.चेच ठेवण्यात आले. चौकट बदलली, पण सामान्य भिंगाचे माप तसेच राहिले.

३

१९३२ साली लायकाच्या दुसऱ्या आवृत्तीत अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. भिंग फिरविताच अंतरमापकातील दोन प्रतिमा एकमेकींवर येतात व अंतर आपोआप साधले जाते. त्याच वर्षी त्साइस इकॉन कंपनीचा कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी बाजारात आला. लुडविग बेर्टेले (१९००–१९८५) याने रचलेली ‘झोनार’ भिंगे त्याच्यासाठी होती. त्यांचे छिद्र पुष्कळ मोठे, पण नाभीय अंतर तेच ५० मि.मी. होते.

लायकाच्या अंतरमापकाची रचना पाहिली म्हणजे ५० मि.मी.च्या भिंगाचे स्थान अधिक स्पष्ट होते. भिंग पुढे सरकते तसा त्याच्या मागील कडेला टेकलेला एक लहान रूळ हलतो, आणि त्या हालचालीवरून अंतर ठरते. हे प्रमाण ५० मि.मी.च्या भिंगाला (त्याचे खरे नाभीय अंतर ५१.६ मि.मी. भरते) धरून बसविलेले आहे. त्यामुळे त्या भिंगाची हालचाल रुळाला जशीच्या तशी पोहोचविता येते. अन्य प्रत्येक भिंगाला मात्र आपली हालचाल या मापात रूपांतरित करून सांगावी लागते. ५० मि.मी. ही या यंत्राची मातृभाषा, बाकीच्या साऱ्या भाषांतरित, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

१९५४ च्या लायका एम-३ मध्ये हे प्राधान्य डोळ्यांनाही दिसू लागले. त्याच्या दृश्यदर्शकाचे विशालन सुमारे ०.९ होते व ५० मि.मी.ची चौकट त्यात कायम दिसे; ९० व १३५ मि.मी.च्या चौकटी भिंग बदलताच प्रकट होत. ३५ मि.मी.च्या भिंगासाठी मात्र भिंगालाच चष्म्यासारखी जोडकाच लावावी लागे. लायका एम-२ (१९५७) मध्ये विशालन ०.७२ पर्यंत उतरविण्यात आले आणि ३५ मि.मी.ची चौकट प्रथमच दृश्यदर्शकात सामावली. या सोयीचे मोल द्यावे लागले. अंतरमापकाच्या दोन खिडक्यांमधील अंतर सुमारे ६९ मि.मी. असते, त्याला विशालनाने गुणले असता मिळणारा परिणामी पाया एम-३ मध्ये सुमारे ६२, तर एम-२ मध्ये सुमारे ५० मि.मी. येतो. पाया लहान होताच अचूकता घटते. रुंद भिंगाला ही घट बाधत नाही, कारण त्याची स्पष्टतेची खोली अधिक असते. मोठ्या छिद्राच्या लांब भिंगाला ती बाधते. अशा रीतीने दृश्यदर्शकातील एका आकड्याने नित्याच्या भिंगाची निवड दोन पक्षांत विभागली.

४

या दोन पक्षांतील भेद कार्यपद्धतीचा आहे. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांनी १९३२ पासून लायका हाती धरला व आयुष्यभर मुख्यतः ५० मि.मी.चे भिंग वापरले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या होण्यापूर्वी थोडाच वेळ आधी ते गांधीजींना भेटले होते. त्या दिवसांची व अंत्ययात्रेची त्यांनी घेतलेली चित्रे भारतीय इतिहासाचे साधन बनून राहिली आहेत. उलटपक्षी न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड (१९२८–१९८४) यांनी २८ मि.मी.च्या भिंगाने गर्दीत शिरून रस्त्यावरील जीवन टिपले. एकाने दृश्यातील वेचक भाग घेतला, दुसऱ्याने दृश्याची सारी गजबज चौकटीत ओढून घेतली. ३५ मि.मी.चे भिंग या दोहोंच्या मध्ये उभे आहे.

या मध्यम स्थानाचा व्यावहारिक लाभ मोजून दाखविता येतो. छिद्र एफ/८ ठेवून भिंग ३ मीटरवर स्थिर केले आणि ०.०३ मि.मी. व्यासाचे अस्पष्टवर्तुळ क्षम्य मानले, तर ५० मि.मी.च्या भिंगाने सुमारे २.३ ते ४.२ मीटरपर्यंतचे दृश्य स्पष्ट येते, ३५ मि.मी.च्या भिंगाने ही मर्यादा सुमारे १.९ ते ७.२ मीटर होते. म्हणजे ३५ मि.मी. वापरणाऱ्यास अंतरमापकाकडे न पाहताही काम करता येते. कॅमेरा डोळ्यापाशी जाण्यापूर्वीच चित्र सिद्ध झालेले असते. वृत्तछायाचित्रकारांना हे भिंग प्रिय झाले याचे एक बलवत्तर कारण हेच होय.

कर्णाच्या संकेताला सर्वांत जवळचे असे ४० मि.मी.चे भिंग १९७३ च्या लायका सीएल या छोट्या कॅमेऱ्यासोबत आले. तात्त्विकदृष्ट्या त्याचा पक्ष बळकट होता. परंतु लायकाच्या एम-मालिकेतील मुख्य कॅमेऱ्यांच्या दृश्यदर्शकांत ४० मि.मी.ची चौकटच नाही. तेथे ते लावले असता ५० मि.मी.ची चौकट उमटते व चित्र त्याहून रुंद येते. तत्त्वतः योग्य असलेले भिंग चौकटीअभावी मागे पडावे, यावरून या निवडीत यंत्राचा अधिकार किती आहे हे कळून येते.

५

अंकीय युगाचा प्रवेश या क्षेत्रात उशिरा झाला. त्याचे कारण या कॅमेऱ्याच्या गुणातच होते. यात आरसा नसल्याने भिंगाची मागील काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते व रुंद भिंगे लहान आणि उत्तम बनतात. पण अशा भिंगातून कडांकडे जाणारे किरण फार तिरपे पडतात. फिल्मला त्याचे फारसे वावडे नव्हते; अंकीय संवेदकावरील सूक्ष्म प्रकाशग्राहींना ते तिरपे किरण नीट घेता येत नाहीत, आणि चित्राच्या कडा काळवंडतात किंवा रंग पालटतात.

२००४ साली एप्सन कंपनीचा आर-डी१ हा पहिला अंकीय रेंजफाइंडर कॅमेरा निघाला. त्याचा संवेदक फिल्मच्या चौकटीहून सुमारे दीडपट लहान होता. त्यावर ५० मि.मी.चे भिंग ७६ मि.मी.सारखे, तर ३५ मि.मी.चे भिंग ५३ मि.मी.सारखे वागू लागले. २००६ च्या लायका एम-८ मध्ये संवेदक १८ × २७ मि.मी.चा होता, तेथे गुणक १.३३ आला आणि ३५ मि.मी.चे भिंग ४७ मि.मी.च्या तोडीचे झाले. कडांचे किरण पकडण्यासाठी त्यावरील सूक्ष्मभिंगे कडेकडे क्रमशः सरकविलेली होती. संवेदकावरील काच पातळ ठेवल्याने अवरक्त किरण आत शिरत व काळे कृत्रिम कापड जांभळट दिसे. त्यावर भिंगापुढे गाळणकाच लावण्याचा उपाय काढावा लागला. त्या काचेने रुंद भिंगांच्या कडांना येणारी निळसर झाक घालविण्यासाठी भिंगाच्या कड्यावर कोरलेल्या सहा खुणांच्या सांकेतिक लिपीचा उपयोग झाला, कारण तिच्यावरून कोणते भिंग लावले आहे हे कॅमेऱ्याला कळे.

यात खरी हानी झाली ती सवयीची. वीस-तीस वर्षे ज्याने ३५ मि.मी.च्या नजरेने रस्ता पाहिला, त्याचेच भिंग त्याच्याच हातात आता दुसरे काही पाहू लागले. गुणकाराने दृष्टिकोन जुळविता येतो, म्हणून अनेकांनी एम-८ साठी २८ मि.मी.चे भिंग घेतले. ते सुमारे ३७ मि.मी.च्या बरोबरीचे ठरते. परंतु दृष्टिकोन जुळला तरी बाकीचे गुण जुळत नाहीत. चित्र अधिक मोठे करावे लागत असल्याने एम-८ वर ३५ मि.मी.च्या भिंगाची एफ/८ ला ३ मीटरवरील स्पष्टतेची मर्यादा सुमारे २.१ ते ५.४ मीटर इतकी आकसते. बोटांना पाठ झालेले गणित असे चुकू लागते, आणि या कॅमेऱ्याचा सारा व्यवहार तर पाठांतरावर चालतो.

२००९ सालच्या लायका एम-९ ने २४ × ३६ मि.मी.चा पूर्ण संवेदक आणला व प्रत्येक भिंगाला त्याची मूळ दृष्टी परत मिळाली. बार्नाकने चित्रपटाच्या फिल्मवरून योगायोगाने काढलेले माप, फिल्म नाहीशी झाल्यावरही प्रमाण म्हणून प्रस्थापित झाले. हे घडले ते जुन्या भिंगांच्या व जुन्या नजरांच्या दडपणामुळे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

६

आता नित्याचे भिंग कोणते मानावे? संवेदक पूर्ण झाला तरी परिस्थिती अगदी पूर्ववत् राहिली नाही. फिल्मच्या किंचित वक्रतेत व कणांत जे दोष झाकले जात ते सपाट संवेदकावर उघडे पडतात. गोलीय विपथन शिल्लक असलेल्या मोठ्या छिद्राच्या भिंगात छिद्र लहान करताच स्पष्टतेचे प्रतल सरकते. अंतरमापकाला हे सरकणे कळण्याचा मार्ग नाही. शिवाय एम-९ च्या दृश्यदर्शकाचे विशालन ०.६८ असल्याने परिणामी पाया सुमारे ४७ मि.मी. उरतो. ही सर्व कारणे मोठ्या छिद्राच्या ५० मि.मी.च्या भिंगाविरुद्ध व मध्यम छिद्राच्या ३५ मि.मी.च्या भिंगाच्या बाजूने जातात. याच दृश्यदर्शकात ३५ मि.मी.च्या चौकटीबाहेरही दृश्याचा काही भाग दिसत राहतो. चौकटीत कोण शिरणार हे आधी दिसणे, हा तर रेंजफाइंडरचा विशेष गुण होय. २८ मि.मी.ची चौकट दृश्यदर्शकाच्या कडांना जाऊन भिडते व हा गुण तेथे लोपतो.

तेव्हा केवळ यंत्राच्या साक्षीवर निर्णय द्यावयाचा तर तो एफ/२ च्या आसपास छिद्र असलेल्या, आकाराने लहान अशा ३५ मि.मी.च्या भिंगाच्या बाजूने द्यावा लागेल. परंतु इतिहासाची साक्ष एवढ्यावर संपत नाही. ज्या ५० मि.मी.च्या भिंगावर या यंत्राची घडण झाली त्याने शतकभर माणसांचे चेहरे व प्रसंग टिपले आहेत, आणि ज्याची नजर त्यावर घडली आहे त्याला ३५ मि.मी.ची सोय पटवून देण्यात फारसा अर्थ नाही. अंकीय कॅमेऱ्याच्या पहिल्या पाच वर्षांनी शिकविलेला धडा हाच आहे की, भिंग बदलणे सोपे, पण नजर बदलणे दुष्कर असते. नवशिक्याने यंत्राचे ऐकावे. ज्याची नजर तयार झाली आहे त्याने आपल्या नजरेचे ऐकावे. दोघांनीही एकदा निवडलेले भिंग दीर्घकाळ बदलू नये, कारण या कॅमेऱ्यात चौकट अखेरीस भिंगापेक्षा छायाचित्रकाराच्या स्मृतीतच अधिक वसत असते.